परवानगीच्या कागदामागचा इतिहास

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की मुलांच्या दप्तरातून एक कागद घरी येतो. अमुक तारखेला आमचा वर्ग वाइल्डलाइफ पार्कला जाणार आहे, डबा टाकून देता येईल अशा कागदी पिशवीत द्यावा, खाली पालकांनी सही करावी. सही होते, पण बहुतेक घरांत एक शेरा मारूनच. आजी-आजोबा तो मराठीत मारतात, आई-वडील अर्ध्या इंग्रजीत: "पुन्हा ट्रिप? मग शिकवतात कधी?"

हा शेरा अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. 'सहल' या शब्दाला आमच्या पिढीने जो अर्थ जोडला, त्यात अभ्यासाला जागा नव्हती. मुंबईच्या मुलांची सहल भायखळ्याच्या राणीच्या बागेत जायची. पुण्याच्या मुलांना पेशवे पार्क आणि त्यातली 'फुलराणी' ही छोटी आगगाडी. माकडांना चणे टाकायचे, वाघ झोपलेला पाहायचा, रांग मोडली म्हणून बाईंचे बोलणे खायचे आणि दुसऱ्या दिवशी 'आमची सहल' या विषयावर पंधरा ओळी लिहायच्या. त्या निबंधात वाघ नेहमी डरकाळी फोडायचा, मग प्रत्यक्षात तो कूस बदलायलाही तयार नसला तरी! सहल म्हणजे अभ्यासातून एक दिवसाची सुटका, हे विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही मान्य होते.

अमेरिकेतली फील्ड ट्रिप मात्र वेगळ्या घराण्यातली आहे. तिचा इतिहास पाहिला की दोन प्रश्न सतत समोर येतात. प्राणी पाहणे हा अभ्यास केव्हा होतो? आणि मुलाला तिथवर नेणाऱ्या बसचे पैसे कोण देतो? या लेखात हे दोनच धागे धरून मी जाणार आहे. उदाहरण म्हणून सॅन डिएगोचे प्राणिसंग्रहालय आणि त्याचा सफारी पार्क घेतो, कारण तिथे दोन्ही प्रश्नांची उत्तरे शंभर वर्षांच्या काळात कशी घडत गेली हे स्पष्ट दिसते.

बेटावरची शाळा

सुरुवात १८७३ सालच्या उन्हाळ्यात. हार्वर्डचे प्राध्यापक लुई अगासी यांनी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या पेनिकीज नावाच्या लहानशा बेटावर शाळाशिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरवला. सुमारे पन्नास शिक्षक आले, त्यात स्त्रियाही होत्या. अगासींचा आग्रह एकच होता: पुस्तक बाजूला ठेवा, मासा हातात घ्या आणि दिसेल ते सांगा. सांगून झाले की पुन्हा पाहा. मानववंशांविषयीची त्यांची मते आज वाचवत नाहीत आणि डार्विनचा सिद्धान्त त्यांनी शेवटपर्यंत मानला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात ते वारले. पण त्या बेटावरून परतलेले शिक्षक देशभर पांगले. त्यांतला एक, डेव्हिड स्टार जॉर्डन, पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष झाला.

पुढच्या पिढीत या विचाराला 'नेचर स्टडी' हे नाव मिळाले. १८९०च्या दशकात शेतीची मंदी आली, न्यूयॉर्क राज्यातली तरुण मुले गावे सोडून शहरांकडे निघाली. त्यांना शेतीत गोडी वाटावी म्हणून कॉर्नेल विद्यापीठाने ग्रामीण शाळांसाठी निसर्ग अभ्यासाची पत्रके काढली. ॲना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांनी त्यांतून १९११ साली शिक्षकांसाठी एक जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ तयार केला. मुले शहरांकडे जायची काही थांबली नाहीत. पण वर्गाला बाहेर नेऊन प्रत्यक्ष वस्तूपासून शिकवायचे, ही सवय अमेरिकन प्राथमिक शाळेला लागली ती लागलीच. महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळेत पुढे 'परिसर अभ्यास' या नावाने जो विषय आला, तो या विचाराच्या जवळचा.

पिंजरा आणि बस

प्राणिसंग्रहालयांचे मूळ मात्र तमाशात होते. फिलाडेल्फियाचे १८७४ साली उघडले, न्यूयॉर्कचे ब्रॉन्क्स झू १८९९ साली. त्यांचा मुख्य धंदा लोकांना चकित करण्याचा. ब्रॉन्क्सचे पहिले संचालक विल्यम हॉर्नडे यांचे चरित्र या बाबतीत बोलके आहे. तरुणपणी त्यांनी हिंदुस्थानात येऊन वाघ-हत्तींची शिकार केली होती, संग्रहालयांत पेंढा भरून ठेवण्यासाठी. १९०६ साली त्यांच्याच संग्रहालयात कांगोहून आणलेल्या ओटा बेंगा नावाच्या माणसाला माकडांच्या घरात लोकांपुढे उभे केले गेले. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय धर्मगुरूंनी आवाज उठवला, तेव्हा ते प्रदर्शन थांबले. आणि पुढच्याच वर्षी, १९०७ साली, त्याच हॉर्नडेंनी ब्रॉन्क्समध्ये वाढवलेले १५ बायसन आगगाडीने ओक्लाहोमाच्या संरक्षित माळावर पाठवले, कारण कोट्यवधींच्या संख्येने असलेला तो प्राणी गोळ्यांनी जवळजवळ संपला होता. एकाच संस्थेत, एकाच माणसाच्या हाताखाली, वर्षभराच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी. प्राणिसंग्रहालयाला तेव्हाच आपण नेमके कशासाठी आहोत हे ठरवायचे होते, आणि ते एकदाच ठरवून भागले नाही.

सॅन डिएगोची कथा १९१५च्या पनामा-कॅलिफोर्निया प्रदर्शनापासून सुरू होते. प्रदर्शनासाठी आणलेले प्राणी मागे उरले. हॅरी वेजफर्थ नावाचे डॉक्टर गाडीतून जात असताना त्यांनी सिंहाची डरकाळी ऐकली आणि या गावाला प्राणिसंग्रहालय हवे असे ठरवून टाकले, अशी कथा सांगतात. १९१६ साली संस्था स्थापन झाली. शहराने बॅल्बोआ पार्कमध्ये जागा दिली, पण जागेला कुंपण नव्हते, त्यामुळे तिकीट लावता येत नव्हते. तेव्हा एलन ब्राउनिंग स्क्रिप्स या बाईंनी कुंपणासाठी ९,००० डॉलर दिले. आता तिकीट आले, पण मुलांना ते माफ होते.

एलन स्क्रिप्स यांचा जन्म १८३६चा, लंडनचा. लहान असताना कुटुंबाबरोबर त्या अमेरिकेत आल्या. म्हणजे त्याही आपल्या मुलांसारख्याच, बाहेरून आलेल्या घरातल्या. वृत्तपत्रांच्या धंद्यात पैसा मिळाला आणि तो त्यांनी शाळा, कॉलेज, समुद्रविज्ञान संस्था, बागा यांत घातला. मुलाला प्राणी पाहायला खिशात पैसे असावे लागू नयेत, हा या गावचा पायंडा त्यांच्या काळात पडला.

१९२५ साली हिशेब लिहायला म्हणून नोकरीला लागलेल्या बेल बेंचली दोन वर्षांतच संग्रहालयाचा कारभार पाहू लागल्या आणि १९५३पर्यंत पाहत राहिल्या. त्या काळी प्राणिसंग्रहालय चालवणारी स्त्री ही जगातच दुर्मीळ गोष्ट. महामंदीत संस्था अडचणीत आली तेव्हा, १९३४ साली, सॅन डिएगोच्या मतदारांनी शहराच्या सनदेत दुरुस्ती करून संग्रहालयासाठी मालमत्तेच्या दर १०० डॉलर मूल्यांकनामागे दोन सेंट कर मंजूर केला. हातात काम नसलेल्या माणसांनी प्राण्यांसाठी स्वतःवर कर लावून घेतला, ही गोष्ट मला त्या दशकातल्या मोठ्या घडामोडींइतकीच महत्त्वाची वाटते. या गावात पुढे दुसरीच्या वर्गाची प्राणिसंग्रहालयातली बसफेरी ही पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण झाली, त्याचा पाया हा आहे.

आता बसविषयी. १९३९च्या एप्रिलमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये फ्रँक सायर या प्राध्यापकाने ४८ राज्यांतल्या लोकांना एकत्र बसवले. खेड्यांतली मुले कुठे ट्रकमधून, कुठे गव्हाच्या गाडीतून शाळेत जात होती. बसची लांबी, उंची, मधल्या वाटेची रुंदी असे ४४ नियम ठरले, आणि रंग ठरला पिवळा, कारण पहाटेच्या अंधूक उजेडात त्या रंगावरची काळी अक्षरे सर्वांत आधी दिसतात. आज आपण ज्या बसमागे मुकाट्याने गाडी थांबवतो तिचे मूळ हे. ही बस नसती तर सहल फक्त संग्रहालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्या मुलांच्या वाट्याला आली असती.

खोऱ्यातली मोकळी जागा

१९६०च्या दशकात संग्रहालयाचे संचालक होते चार्ल्स श्रोडर, पेशाने पशुवैद्य. पिंजऱ्यातले प्राणी जगतात पण वाढत नाहीत, हे त्यांना रोज दिसत होते. शहरापासून तीसेक मैल उत्तरेला सॅन पास्क्वाल खोऱ्यात १,८०० एकर जागा होती. हे खोरे मूळचे कुमेयाय लोकांचे. एकोणिसाव्या शतकात त्यांना तिथून हुसकावले गेले होते. इथे कळपांनी राहणारे प्राणी मोकळे ठेवावेत अशी श्रोडर यांची कल्पना. १९७०च्या नोव्हेंबरात मतदारांनी ६० लाख डॉलरच्या रोख्यांना मान्यता दिली, आणि १० मे १९७२ रोजी 'वाइल्ड ॲनिमल पार्क' उघडला. २०१०पासून त्याला 'सफारी पार्क' म्हणतात.

मोकळ्या जागेने काय साधले याचे सर्वांत चांगले उदाहरण पांढऱ्या गेंड्यांचे. दक्षिण आफ्रिकेच्या उम्फोलोझी अभयारण्यातून १९७१ साली वीस गेंडे इथे आणले. सॅन डिएगोच्या जुन्या संग्रहालयात त्याआधी एक नर आणि एक मादी वर्षानुवर्षे शेजारी राहत होती, पण त्यांना पिल्लू कधी झाले नव्हते. त्या नराला, मांडला त्याचे नाव, खोऱ्यातल्या कळपात सोडले आणि तो पुढे अनेक पिल्लांचा बाप झाला. जागा बदलली, सोबत बदलली आणि जनावराचे वागणे बदलले. शाळेतल्या मुलाला 'अधिवास' या शब्दाची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा ही एक गोष्ट सांगितली तर शब्द आपोआप कळतो.

पण माझ्या मते हा पार्क विज्ञानाची शाळा झाला तो गेंड्यांमुळे नव्हे, एका कुरूप पक्ष्यामुळे.

बावीस पक्षी

कॅलिफोर्निया काँडोर म्हणजे अमेरिकेचे थोरले गिधाड. पंखांचा विस्तार साडेनऊ फूट, डोके टक्कल पडलेले, आहार मेलेली जनावरे. १९८२ साली या पक्ष्यांची संख्या जगभरात २२ उरली. उरलेले सगळे पकडून आणून त्यांची पैदास करावी असे शास्त्रज्ञांनी सुचवले तेव्हा मोठा वाद झाला. डेव्हिड ब्राउअर यांच्यासारख्या नामवंत निसर्गरक्षकांनी विरोध केला. रानाशिवाय काँडोर हा काँडोर नव्हेच, आधी रान वाचवा, हे त्यांचे म्हणणे. दुसरी बाजू म्हणत होती की रान वाचेपर्यंत पक्षीच उरणार नाहीत. दोन्ही बाजूंना निसर्ग प्रिय होता, आणि कोण बरोबर हे त्या वेळी कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

१९ एप्रिल १९८७, ईस्टरचा रविवार. रानातला शेवटचा काँडोर पकडला गेला. आता जगात होते २७, सगळे लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आणि सॅन पास्क्वालच्या खोऱ्यात. काँडोरची मादी एका वेळी एकच अंडे घालते. ते अंडे काढून इन्क्युबेटरमध्ये उबवले तर ती बहुधा दुसरे घालते, या युक्तीने वेळ वाचवायचा होता. पिल्लाला माणसाची सवय लागू नये म्हणून त्याला काँडोरच्या डोक्यासारखी बाहुली हातात घालून भरवायचे होते. २९ एप्रिल १९८८ रोजी खोऱ्यात पहिले पिल्लू जन्मले, ज्याचे आई-बाप दोघेही पिंजऱ्यातच जोडी जमलेले होते. नाव ठेवले मोलोको.

त्या वर्षांत शाळेच्या बसमधून आलेल्या मुलांना ते काँडोर पाहायला मिळाले नाहीत. पैदाशीची जागा मुद्दाम लोकांच्या नजरेआड ठेवलेली होती. मुलांना एवढेच कळत होते की या टेकडीपलीकडे काही पक्षी आहेत, ते वाचतील की नाही हे कोणालाच माहीत नाही आणि माणसे हातात बाहुली घालून पिल्लाला घास भरवीत आहेत. पुस्तकातल्या विज्ञानात उत्तर आधीच छापलेले असते. इथे उत्तर अजून व्हायचे होते, आणि हे ऐकणाऱ्या सात वर्षांच्या मुलालाही ते समजत होते. प्राणी पाहणे अभ्यास केव्हा होतो, या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर हे: जेव्हा त्या जागेपाशी स्वतःचा न सुटलेला प्रश्न असतो, आणि ती जागा तो प्रश्न मुलांपासून लपवत नाही.

१९९२ साली पहिले पक्षी पुन्हा रानात सोडले गेले. आज काँडोरांची संख्या पाचशेच्या वर आहे आणि त्यांतले निम्म्याहून अधिक मोकळ्या आकाशात आहेत. तरीही प्रश्न संपलेला नाही. शिकाऱ्याच्या गोळीतले शिसे मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात जाते आणि ते मरतात. त्यासाठी कॅलिफोर्नियाने २००७ आणि २०१३ साली कायदे केले आणि जुलै २०१९पासून राज्यभर शिकारीसाठी शिशाच्या गोळीला बंदी आली. आणि २०२१ साली एक नवेच कोडे पुढे आले. जतन केलेल्या जनुकीय नोंदी तपासताना असे दोन काँडोर सापडले की ज्यांना बापच नव्हता. त्यांच्या माता नरांसोबत राहत होत्या, तरीही नराशिवाय अंडी फळली होती. चाळीस वर्षे ज्या पक्ष्याचा एवढा बारकाईने अभ्यास चालला आहे, त्याच्याविषयी ही गोष्ट कोणाला माहीत नव्हती!

इथे माझ्या पिढीतल्या वाचकांना एक गोष्ट आठवेल. गावाबाहेर मेलेले जनावर टाकायच्या जागी आपण लहानपणी गिधाडांचे थवे पाहिले आहेत. १९९०च्या दशकात ते दिसेनासे झाले. बंगाली गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या काळात हजारांतून एकवर आली. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजापुढे केवढा पेच उभा राहिला हे मुंबईकरांना ठाऊक आहे. कारण सापडले ते गुरांच्या दुखण्यावरच्या डायक्लोफेनॅक या औषधात. औषध दिलेले जनावर मेले की ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली भारताने गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. तिकडे गोळीतले शिसे, इकडे इंजेक्शनमधले औषध, पण दोन्हीकडे वाट तीच: माणसाने वापरलेली वस्तू मेलेल्या जनावराच्या पोटातून सफाई करणाऱ्या पक्ष्यापर्यंत गेली. जटायूची गोष्ट आपण नातवंडांना सांगतोच. त्यापुढे ही गोष्टही सांगता येईल. काँडोरवर प्रोजेक्ट करणाऱ्या नातीला असा संदर्भ वर्गात दुसरे कोणी देऊ शकणार नाही.

सहलीतून नेमके काय उरते

शिक्षणाच्या अभ्यासकांनी सहलीची परीक्षा घेतली आहे, आणि निकाल मजेशीर आहेत. जॉन फाल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात स्मिथसोनियनसाठी काम करताना पाहिले की अगदी अनोळखी जागी गेलेली मुले ठरवलेला धडा कमी शिकतात. त्यांचे सगळे लक्ष ती जागा समजून घेण्यात जाते. मग त्यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल झूमध्ये मुलांच्या गटांना वेगवेगळी पूर्वतयारी करून दिली. एका गटाला प्राण्यांची माहिती, एकाला निरीक्षणाची पद्धत, आणि एकाला फक्त मुलांच्या मनातल्या प्रश्नांची उत्तरे: बस कुठे थांबेल, डबा कुठे खायचा, दुकानात काय मिळते, कोणते प्राणी दिसतील. प्राण्यांविषयी सर्वांत जास्त शिकला तो हा शेवटचा गट. डब्याची काळजी मिटली की मन वाघाकडे वळते, हे कोणत्याही आजीने सांगितले असते, पण आता ते सिद्धही झाले आहे.

फाल्क आणि लिन डिअर्किंग यांनी १९९७ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. चौथीची मुले, आठवीची मुले आणि प्रौढ अशा १२८ जणांना त्यांनी प्राथमिक शाळेतल्या सहलींविषयी विचारले. ९६ टक्के लोकांना एखादी सहल आठवत होती, आणि त्यांतल्या जवळजवळ सर्वांना तिथे कळलेले काहीतरी सांगता आले. दुसरीतला कोणता धडा आपल्याला इतक्या वर्षांनी आठवतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.

शाळेच्या अभ्यासक्रमाशीही याचा आता सांधा जुळला आहे. २०१३ साली आलेल्या 'नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्स'मध्ये दुसरीच्या मुलाने निरनिराळ्या अधिवासांतल्या जीवांची तुलना करावी आणि तिसरीच्या मुलाने काही प्राणी कळपाने का राहतात याविषयी पुराव्यानिशी मत मांडावे अशी अपेक्षा आहे. १४ एप्रिल २०२५ रोजी सॅन डिएगो परिसरात ५.२ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा सफारी पार्कमधल्या हत्तिणींनी लहान हत्तींना मध्ये घेऊन बाहेर तोंड करून कडे केले. कॅमेऱ्यात टिपलेले ते दृश्य आपल्यापैकी अनेकांनी फोनवर पाहिले असेल. तिसरीच्या त्या प्रश्नाला याहून चांगला पुरावा कोणता? आणि हत्तींना धक्का पायांनी कळला की कानांनी, असे एखाद्या मुलाने विचारले तर समजावे की सहल वसूल झाली.

बसचे पैसे

आता दुसरा धागा, आणि तो तेवढा आनंदाचा नाही. १९७८च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर करून मालमत्ता करावर मर्यादा घातली. चौरेचाळीस वर्षांपूर्वी हत्ती-माकडांसाठी स्वतःवर कर लावून घेणारे गाव याच राज्यातले. घरमालकांना दिलासा मिळाला, शाळांचे हात बांधले गेले. पैसे कमी पडले की आधी संगीत जाते, मग ग्रंथपाल, मग बस. २००२च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा आली. विज्ञानाची परीक्षा उशिरा, २००७-०८पासून आणि काही वर्षांतून एकदाच. ज्याची परीक्षा नाही त्यासाठी अख्खा दिवस कोण देणार? २००८च्या मंदीने आणि नंतर कोविडने उरलेसुरले काम केले.

कॅलिफोर्नियातल्या पालकांच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट इथे सांगतो. परवानगीच्या कागदावर जी वीस-पंचवीस डॉलरची रक्कम असते ती फी नसते, देणगी असते. सार्वजनिक शाळेत शिक्षणाच्या कार्यक्रमासाठी फी घेता येणार नाही असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली हार्टझेल खटल्यात सांगितले, आणि पैसे नाहीत म्हणून कोणत्याही मुलाला सहलीतून वगळता येत नाही हे राज्याच्या शिक्षण संहितेत आहे. नियम उदार आहे, पण त्याची एक दुसरी बाजू आहे. पुरेशी देणगी जमली नाही तर एका मुलाला वगळता येत नाही, म्हणून अख्ख्या वर्गाचीच सहल रद्द होते. ज्या शाळेत पालकांचे हात सढळ, तिथली मुले वर्षातून तीनदा जातात. दहा मैलांवरच्या दुसऱ्या शाळेतली मुले एकदाही नाही. एलन स्क्रिप्सच्या काळात कुंपणाच्या दाराशी मुलाला पैसे पडत नव्हते. आता पैसे दाराच्या खूप आधी, बसच्या पायरीपाशी पडतात.

आपल्या समाजाचा मुद्दा इथे येतो. चांगली शाळा पाहून घर घ्यायचे, हे आपण सर्वांनी केले. त्यामुळे आपली मुले बहुतेक करून सहल निघते अशाच शाळांत आहेत. त्या सहलीला आपण वेळेचा अपव्यय म्हणतो आणि त्याच शनिवारी मुलाला गणिताच्या जादा शिकवणीला सोडून येतो! शिकवणीला माझा विरोध नाही, आयुष्यभर शिकवण्यावरच माझे पोट चालले. पण उत्तर ठाऊक असलेली गणिते सोडवण्यात पटाईत झालेले आणि उत्तर नसलेल्या प्रश्नापुढे गोंधळणारे हुशार विद्यार्थी मी विद्यापीठात पुष्कळ पाहिले, आणि त्यांत आपली मुले कमी नव्हती. तो गोंधळ कमी व्हायला दुसरी-तिसरीपासून सुरुवात करावी लागते.

तेव्हा काही साध्या सूचना. सहलीच्या आदल्या रात्री मुलाला डबा कुठे खायचा, बाथरूम कुठे आहे, बस किती वाजता परत येईल हे नीट सांगावे. त्याचे कारण वर आलेच आहे. नोकरीतून निवृत्त झालेल्या आजी-आजोबांनी शॅपरोन म्हणून नाव द्यावे. शाळांना माणसे हवी असतात. मी दोनदा गेलो आहे, पाय दुखतात, पण सातवर्षीय मंडळींच्या गप्पा ऐकण्यासारख्या असतात. मूल घरी आले की "काय काय पाहिलंस?" एवढ्यावर थांबू नये. "तिथल्या लोकांना अजून काय कळलेलं नाही?" हेही विचारावे. पहिल्या वेळी उत्तर येणार नाही. पुढच्या सहलीत ते मूल तिथल्या माणसाला हाच प्रश्न विचारील. मोठ्या मुलांनी असे एखादे कोडे पुढच्या वर्षी या अंकाच्या इंग्रजी विभागासाठी लिहून पाठवले, तर आम्हा म्हाताऱ्यांनाही वाचायला मिळेल.

आणि देणगीच्या रकान्यात शक्य असेल त्यांनी आपल्या मुलाबरोबर आणखी एका मुलाचे पैसे लिहावेत. आपल्या शाळेला गरज नसेल तर जिथे बस निघत नाही अशी शाळा जवळपास शोधावी. एका वर्गाची बस ही मंडळाच्या एका कार्यक्रमाच्या जेवणापेक्षा जड जाणारी गोष्ट नाही. कार्यकारिणीने नव्या वर्षाचे अंदाजपत्रक करताना याचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.